नव्याला बसायला दुसरं तोंड

हा अनुभव लिहावा की नाही, यातच माझं वर्ष गेलं. देवाच्या कृपेचे अनुभव मी पुष्कळ वाचले आहेत. त्यात शेवटी सगळं नीट होतं, दुखणं बरं होतं, हरवलेलं सापडतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. ज्या पायासाठी मी धडपडत होते तो पाय पुरा वाचला नाही. आणि तरीही त्या दिवशी कोणीतरी माझा हात धरून मला तिथे नेलं, हे मला नाकारता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी यादीवर चालणारी बाई. जव्हारला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची व्यवस्था मी कित्येक वर्षं पाहिली. दीडशे मुलींना कधी काय वाढायचं, किती भिजवायचं, काय संपत आलं, हे सगळं माझ्या वहीत असे. देवघरालाही माझी वही आहे. कोणत्या दिवशी कोणतं वाचन, कोणता नैवेद्य, कोणता उपवास, सगळं आखलेलं. व्रत मी कधी चुकवलं नाही. पण गेली काही वर्षं पूजा करताना मन कोरडं असे. दिवा लावायचा, वाचायचं, उठायचं, वहीत खूण करायची. देव ऐकतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतही नव्हते, कारण त्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

आम्ही सात-आठ बायका मिळून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसांना कोरडा शिधा पोचवतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. गोळ्यांनी जंतू मरतात, माणूस दुसऱ्याला आजार देत नाही, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. हातापायाला कळत नाही, म्हणून जखमा होतात. त्या भरायच्या तर पट्टी हवी, पायाला विश्रांती हवी आणि पोटात कस असलेलं अन्न हवं. नुसत्या भाताच्या पेजेवर मांस भरत नाही. हे ऐकून मी त्याच संध्याकाळी नवी वही आखली. नाव, पाडा, जखम कुठे, जखम केवढी, शिधा दिला ती तारीख, सकाळी काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं, रात्री काय खाल्लं. दर पंधरा दिवसांनी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ, उडदाची डाळ, शेंगदाणे, गूळ. पिशवीला मी स्वतः लाल दोरा बांधायची. बाकीच्या जणी गाठ सैल मारतात.

वांगणीच्या अंगाला एका पाड्यावर जानीमावशी राहायची. साठीची असेल. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिराच्या घरापासून पन्नास पावलांवर तिची वेगळी खोप. आजार कळला तेव्हा दिराने ती बांधून दिली होती. त्याला वाईट म्हणता येणार नाही. लाकूड तो आणून टाकायचा, कूड लिंपायला बायकोला पाठवायचा. फक्त बरोबर जेवायला बोलवायचा नाही. जानीमावशीच्या हातांची बोटं वळलेली आणि डाव्या तळपायाला जखम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती मोठ्या रुपयाएवढी होती. तो पाय भरून आणायचा, हे मी मनावर घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, "हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल. त्याआधी भरली पाहिजे."

आणि ती भरत होती. श्रावण-भाद्रपदात माझ्या वहीत जखमेचा आकडा दर खेपेला उतरत गेला. गणपतीनंतर ती बोटाच्या पेराएवढी राहिली. मी आमच्या बायकांच्या मंडळात सगळ्यांना ते पान दाखवलं. पण त्याच सुमाराला जुन्या नागलीत किडे निघाले, तक्रारी आल्या. मी ठरवलं, आता जुनं धान्य नाही. दसऱ्याला मोखाड्याच्या आठवडे बाजारात लवकर पिकणारी हळवी नागली नुकतीच आली होती. नवे उडीद, नव्या शेंगाही होत्या. दोन फेऱ्या मारून मी निवडून माल घेतला, दळून आणला आणि पाड्यापाड्यावर अभिमानाने सांगत फिरले, "या वर्षीचं नवं धान्य आहे हो. अगदी ताजं. आपल्याच डोंगरावरचं."

जानीमावशीच्या दारातही मी हेच म्हणाले. तिने पिशवी दोन मनगटांत धरली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "नवं हाय? बरं झालं बाय."

मी वहीत खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

त्यानंतर जखम वाढू लागली. पंधरा दिवसांनी पुन्हा रुपयाएवढी. कार्तिकी पौर्णिमेला लिंबाएवढी, आणि तिला वास. मावशीच्या गळ्याची हाडं दिसू लागली. मी विचारायची, "सकाळी काय खाल्लंस?" ती म्हणायची, "पेज." "दुपारी?" "पेज." "नागली?" त्यावर ती खाली बघून हसायची. मी तिच्या दिराला विचारलं. तो म्हणाला, "ती खाते कं नाय, देव जाणं. आमी तिच्या चुलीत नाय पाहत." त्याच सुमाराला जीपमध्ये कोणीतरी सहज बोललं, की असा फुकटचा शिधा माणसं दुकानात देतात नि तंबाखू घेतात. मावशी तंबाखू खायची. माझं गणित जुळलं.

कार्तिकाच्या शेवटी मी तिच्यासमोर वही उघडली आणि तिच्या नावावर लाल शाईची रेघ मारली. मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "तुला बरं व्हायचंच नाही. ज्याला व्हायचंय त्याच्या तोंडचा घास तू का घ्यावास?"

ती म्हणाली, "बरं बाय." तिने हातही जोडले.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. आमच्यातल्या एकीने म्हटलं होतं, नाव कमी केलंस तर तिचा अंगठा घेऊन ठेव, उद्या कोणी विचारायला नको. मला ते पटलं. कामाची यादी सकाळीच केली होती. पहाटे कलश मांडला, पूजा केली, पोथी वाचली, संध्याकाळच्या नैवेद्याची डाळ भिजत घातली. उपवास होता. मधुमेहाची गोळी सवयीने घेतली. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी उपवासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये, असा कागद मीच वसतिगृहाच्या भिंतीवर लावला होता.

जीप फाट्यापर्यंतच गेली. पुढे रस्ता उखडून ठेवला होता. चालकाने सगळ्यांना उतरवलं. मी वही घट्ट धरून उतरले आणि पाण्याची बाटली सीटवर राहिली. ही बाटली मी कधी विसरत नसे. का, ते पुढे सांगते. पाऊण तास चालायचं होतं. अर्ध्या वाटेवर पाय थरथरायला लागले. घाम फुटला. समोरचा डोंगर पुढे-मागे होऊ लागला. मी एका दगडावर बसले आणि मला उठता येईना. ओळखीची लक्षणं होती, औषधही माहीत होतं, चिमूटभर साखर. पिशवीत वही, शाईची पेटी, दोन पेनं होती. खायला काहीच नव्हतं.

देवाचं नाव घेतलं असं म्हणायला आवडलं असतं. मी घेतलं नाही. मी फक्त घाबरले होते.

तेवढ्यात डोक्यावर कारवीच्या काठ्यांचा भारा घेतलेली एक बाई उतारावरून आली. म्हातारी नव्हे, तरुणही नव्हे. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं. माझ्यासमोर थांबून जणू रोजची ओळख असल्यासारखी म्हणाली, "ऊठ. कवाची चूल थांबलीय तुझ्यासाठी." मी म्हटलं, मला चालवत नाही. तिने एका हाताने भारा सावरला, दुसऱ्याने माझा दंड धरला. त्या हाताची पकड मला आजही आठवते, लोहाराच्या हातासारखी. आम्ही किती चाललो ते मला सांगता येत नाही. जानीमावशीच्या अंगणाच्या कुडाशी आणून तिने मला सोडलं. मी खांबाला टेकले. वळून आभार मानावे एवढंही सुचलं नाही.

"अगं बाय, काय झालं तुला?" जानीमावशी लंगडत आली. माझा घाम पाहून ती उत्तरासाठी थांबली नाही. आत गेली, डब्यातला जुना गुळाचा खडा आणला, माझ्या तोंडात सरकवला आणि पाण्याचा तांब्या दोन मनगटांत धरून माझ्या ओठांना लावला.

आता बाटलीचं सांगते. दहा पाड्यांवर मी ओरडून सांगितलं होतं, की या माणसांबरोबर बसून जेवा, आजार लागत नाही. आणि या दहा पाड्यांपैकी एकाही घरी मी पाणी प्यायले नव्हते. पाणी माझं, डबा माझा. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "आज माझा उपवास." माझे उपवास इतके होते की ते खोटंही वाटत नसे. त्या दिवशी मी तो तांब्या रिकामा केला.

थोड्या वेळाने डोळ्यांपुढचं स्थिर झालं आणि मला आढ्याला टांगलेली टोपली दिसली. तिच्यात तीन पिशव्या. लाल दोरा. गाठ माझी. एकही सुटलेली नव्हती.

अजून अंगात बळ नव्हतं, पण रागाला होतं. "विकलं नाहीस, मग खाल्लं का नाहीस?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली, मला एवढंही कसं कळत नाही म्हणून. "नवं हाय ना ते," ती म्हणाली. "नवं खाल्लं कुठं मी अजून?"

मग तिने सांगितलं ते असं. शेतातलं नवं धान्य आधी देवाला द्यायचं. मग घरची माणसं एकत्र बसतात, वडीलधारं माणूस पहिला घास हातात देतं आणि त्यानंतरच त्या वर्षीचं नवं धान्य खायला मोकळीक. एकट्याने नवं खात नाहीत. निदान एक तरी दुसरं तोंड समोर बसायला लागतं. दिराच्या घरचं नवं दिवाळीतच झालं होतं. तिला कोणी बोलावलं नाही, आणि न बोलावता ती गेली नाही. मागची वर्षं ती होळीपर्यंत रेशनवर काढायची. तोवर नवं जुनं होतं. "रेशनच्या तांदळाला कोण इचारतं? त्याला ना शेत, ना देव," असं म्हणून ती हसली. "पण ह्या नागलीला तूच बोललीस, आपल्या डोंगरावरची म्हणून."

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस.

"तू इचारलंस काय खाल्लंस. मी सांगितलं पेज." मग म्हणाली, "आणि तू वही काढलीस म्हंजे मला भ्या वाटतं गं."

माझ्या वहीत सगळं होतं. जुनं धान्य होतं तेव्हा जखम भरत होती, नवं सुरू झालं तेव्हापासून वाढत होती. तारखांसकट दोन रकाने शेजारी शेजारी होते. मी ते रोज पाहत होते आणि त्यातून मला एवढंच कळलं, की म्हातारी चोर आहे.

मी उठले. चूल मी पेटवली, कारण तिच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग होते आणि भाजताना तिला कळत नसे. मी भाकऱ्या थापल्या, उडदाची आमटी केली. ती पाटावर बसून सूचना देत होती. "पातळ नको करू, सयपाकीण होतीस ना तू?" पळसाची पानं तिने मांडली. कोपऱ्यातल्या देवापुढे भाकरीचा तुकडा ठेवून तिने नवऱ्याचं, सासू-सासऱ्यांचं नाव घेतलं. मग आम्ही समोरासमोर बसलो. तिने पहिला घास मोडला आणि त्या वळलेल्या बोटांत धरून माझ्यापुढे केला.

इथे मी थांबले. पापणी लवावी एवढाच वेळ. माझा हात मांडीवरून निघाला, पण निघायला वेळ लागला. तिने ते पाहिलं. तिने काहीच न झाल्यासारखा हात वळवला आणि घास माझ्या पानावर ठेवला.

"हातात दे मावशी," मी म्हटलं.

"राहू दे. पानावरचा बी देवाचाच," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

ती जेवली तशी जेवताना मी कुणाला पाहिलं नाही. वसतिगृहात इतकी वर्षं मुलींना जेवू घातलं, पण भूक काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं. तीन भाकऱ्या. आमटीचं पान चाटून पुसलं. आणि त्या दोन महिन्यांत हेच अन्न तिच्या डोक्यावर, हात पोचेल एवढ्या उंचीवर टांगलेलं होतं. माझा उपवास तिथेच सुटला. घरच्या नैवेद्याची डाळ रात्री भिजलेलीच राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. देवीने ज्या घरी ताट मांडायला सांगितलं तिथे मांडलं होतं.

निघताना मी त्या कारवीच्या भाऱ्यावाल्या बाईबद्दल विचारलं. मावशी म्हणाली, "कोण बाई? तू तं एकटी आलीस. मी अंगणातच हुती." दिराच्या बायकोला विचारलं, तिलाही कोणी दिसलं नव्हतं. मला चक्कर होती. मावशीची नजर अधू आहे. माणसं येतात-जातात. मी पुन्हा कोणाला विचारलं नाही. एवढंच म्हणते, की मी त्या घरी अंगठा घ्यायला निघाले होते आणि कोणीतरी मला दंडाला धरून जेवायला बसवलं.

दोन दिवसांनी आम्ही मावशीला मोठ्या दवाखान्यात नेलं. जखम हाडाला पोचली होती. अर्धं पाऊल कापावं लागलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, महिनाभर आधी नीट खायला मिळालं असतं तर? ते सभ्य माणूस होते. म्हणाले, "जखमेला अनेक कारणं असतात बाई. नुसत्या खाण्याचं कसं सांगू?" त्यांनी सांगितलं नाही. पण तारखा माझ्याकडे आहेत.

शुद्धीवर आल्यावर मावशीने पहिल्यांदा पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रडू नको. अर्धा हाय अजून," ती म्हणाली. मी लाल रेघेबद्दल क्षमा मागितली. तिला रेघ आठवतच नव्हती. वाचता येत नसल्यामुळे मी वहीत काय केलं हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. तिला माझा आवाज तेवढा आठवत होता.

मी शिधा अजून वाटते. वही आहे. पण नवं धान्य द्यायच्या आधी मी आता विचारते, "नवं झालं का? कोणाबरोबर बसलात?" आणि कोणी म्हणालं नाही झालं, तर समोर बसायला मी पान मागते. घरून बाटली नेत नाही.

या दिवाळीनंतर जानीमावशीचा निरोप आला, नवं खायला ये. मी गेले. दीर आणि त्याची बायकोही आली होती. हातभर अंतर ठेवून, पण त्याच ओसरीवर बसली होती. मावशी काठीच्या आधाराने आली, देवाला दिलं, घास मोडला. मी आधीच ओंजळ पुढे केली होती. वर्षभर मी याच घासाची वाट पाहत होते, हे देवालाच माहीत.

तिने माझ्या ओंजळीकडे पाहिलंही नाही. मागच्या वर्षीसारखा, अगदी सहज, घास माझ्या पानावर ठेवला. मग दिराच्या पानावर, मग जावेच्या. तिला वाटलं, असंच मला बरं वाटतं.

 देणाऱ्याने पुढे केलेला हात त्याच क्षणी घ्यायचा असतो. तो हात माझ्या वहीत आखलेल्या वेळी पुन्हा यावा म्हणून हट्ट करणं, यालाच मी इतकी वर्षं भक्ती म्हणत आले. मी ओंजळ मिटली, पानावरचा घास उचलला आणि कपाळाला लावून खाल्ला. नागली गोड होती. मावशी म्हणाली, "या वर्षी चांगली झालीय. आणखी घे, बाय."

मी आणखी घेतली.